अक्कांच्या चौक्यातला दवबिंदू

"मारत न्हाई न्हवं रं हे?"

अक्का डब्यावर वाकून विचारत होत्या. डबा आईस्क्रीमचा, प्लॅस्टिकचा. आत आमच्या कोकणातल्या कातळावरची ओली माती आणि मातीला चिकटून बसलेली तीन-चार तांबूस रोपं, एकेक जुन्या रुपयाएवढं. पानांच्या कडेनं बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला पाण्यासारखा एक थेंब. या रोपाला दवबिंदू म्हणतात. श्रावण नुकताच लागला होता आणि मी तो डबा आठ तास एसटीत मांडीवर धरून आणला होता.

"छे हो अक्का," मी म्हणालो. "त्याला एक वास असतो. आपल्याला येत नाही, चिलटांना येतो. ती लांब राहतात."

"म्हंजे नुसतं हाकलतंय."

"नुसतं हाकलतंय."

"मग ऱ्हाऊ दे बाबा," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी डबा उचलून चौक्याच्या खिडकीत नेऊन ठेवला.

इतकं सोपं होतं ते. खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. माझी अडखळली नाही. मी वनस्पतिशास्त्राचा एम.एस्सी., वय सव्वीस. चिलटाच्या जिवाची चौकशी करणाऱ्या म्हातारीशी खरं बोलायला हवं, असं मला वाटलंच नव्हतं.

वारणेकाठचं गाव ते. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं अजून भेटली की मला वाकून नमस्कार करतात, आणि मी तो घेतो. मी तिथल्या कॉलेजात तासिकेवर शिकवत होतो आणि अक्कांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. अक्का म्हणजे चंद्राबाई आदगोंडा मगदूम. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, दोन्ही मुली कर्नाटकात दिलेल्या. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, जीभ मात्र तरणी. मी दिनकर पाष्टे, कोकणातला कुणबी, मासे खाणारा, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या पोटात काय जातंय ते तू बघ. माझ्या उंबऱ्याच्या आत काय येतंय ते मी बघते." आणि त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, खोलीच्या दारात भाकरी आणि मुगाची आमटी आणून ठेवली. दिवस मावळल्यावर त्या स्वतः पाण्याचा घोटही घेत नसत, आणि मी रात्री आठला जेवतो याची त्यांना फार काळजी वाटे.

पाणी फडक्यानं गाळून झालं की ते फडकं घेऊन त्या परत विहिरीवर जात आणि उलटं धरून धूत. फडक्यात अडकलेले जीव जिथले तिथं गेले पाहिजेत. अंगणात मुंग्यांची रांग दिसली की पाय उचलून रांग संपेपर्यंत उभ्या राहत, गुडघा कितीही दुखो. सुट्टीत घरी गेलो की मी हे सगळं रंगवून सांगायचो. त्यांच्यासारखा पाय उचलून दाखवायचो. घरचे पोट धरून हसत.

चौका म्हणजे त्यांच्याकडचं सोवळ्याचं स्वयंपाकघर, जैन मुनी महाराजांच्या आहारासाठी राखलेलं. अक्कांचा चौका मागच्या सोप्याला लागून होता आणि त्या वर्षी त्याच्यात चिलटंच चिलटं झाली होती. सोप्यात त्यांच्या दहा-बारा कुंड्या, सगळ्या कायम ओल्याचिंब. चिलटं त्या मातीतच निपजत होती. कुंड्या थोड्या वाळू द्या, असं मी सांगून पाहिलं होतं. "झाड तहानलेलं ठेवू व्हय?" असं उलट मलाच विचारलं त्यांनी. औषध मारायचं नाही, धूर करायचा नाही, कारण धुरानंही जीव गुदमरतो. अक्का सकाळ-संध्याकाळ पदरानं वारा घालून चिलटं खिडकीबाहेर काढत, आणि ती दुसऱ्या खिडकीनं आत येत.

"एवढी काय ती चिलटांची धास्ती, अक्का?" मी एकदा गमतीनं विचारलं होतं.

त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "अकरा वर्सांमागं महाराज आल्ते या दारात. माझ्या दारात थांबले. त्यांचं कसं असतंय, सकाळी मनात काय तरी धरून निघत्यात. तेच जिथं दिसंल तिथंच थांबायचं, न्हाई दिसलं तर त्या दिवशी उपास. काय धरलंय ते कुणाला सांगत न्हाईत. तर माझ्या दारात थांबले. उभ्यानं, ओंजळीत जेवत्यात ते. दिवसातनं एकदाच, पाणीबी तवाच. दोन घास झाले, तिसऱ्याला मी दूध घातलं ओंजळीत, आणि वरनं चिलट पडलं त्यात."

"मग?"

"मग काय. अंतराय. आहारात जीव पडला की तिथंच थांबायचं. ओंजळ सोडली त्यांनी. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी न्हाई. चैत्राचं ऊन हुतं. कायबी बोलले न्हाईत, आशीर्वादाला हात केला आणि गेले." अक्कांनी सूप परत हातात घेतलं. "यंदा चातुर्मासाला गावात हायत. आता न्हाई झालं तर मला काय पुढची येळ न्हाई, दिनकर."

एवढं मला माहीत होतं. त्यांना आयुष्यात एकदा तरी महाराजांना पोटभर आहार द्यायचा होता आणि आड चिलटं येत होती. मला वाटलं, आपल्याकडं उपाय आहे. कातळावर पावसाळ्यात पायाखाली तुडवली जातात ती रोपं, चिलट बसलं की चिकटतं, पान वळतं आणि हळूहळू ते पचवून टाकतं. अक्कांना सांगितलं तर त्या डबा उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सांगितलं नाही. मी त्यांचं भलंच करत होतो, अशी समजूत मी पुढं पुष्कळ दिवस बाळगली. ती खरी नव्हती. मला चौक्यातली चिलटं घालवून दाखवायची होती. मला शाबासकी हवी होती.

अक्कांनी त्या डब्याची जी बडदास्त ठेवली! विहिरीचं पाणी त्याला सोसत नाही, पावसाचंच लागतं, हे मी सांगितलं होतं. त्यांनी वळचणीखाली पितळी पातेलं मांडलं, आणि ते पाणी सुद्धा गाळून मग डब्यात घालू लागल्या. पाण्यात एखादा जीव असला तर रोपाच्या मातीत अडकून मरेल म्हणून.

चिलटं पानांवर मरत ती त्यांना दिसू नयेत याचा बंदोबस्त मी केला होता. सकाळी साडेसातला अक्का बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात जात. त्या कोपऱ्यावरून वळल्या की मी सोप्यातून हात घालून डबा खिडकीतून उचलायचा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बारीक चिमट्यानं मेलेली चिलटं पानांवरून वेचायची. एकेका दिवशी आठ-दहा निघत. ती कागदात गुंडाळून खिशात टाकायची आणि कॉलेजला जाताना गटारात. हे मी महिनाभर रोज केलं. कॉलेजात एवढ्या नेमानं मी कुठलं काम केलं नव्हतं.

आणि चिलटं खरंच कमी झाली. डब्यामुळं झाली, की पावसानं उघडीप दिली आणि कुंड्या जरा वाळल्या म्हणून झाली, कुणास ठाऊक. पण श्रेय डब्याला मिळालं आणि डब्यामुळं मला. "आमच्या सरांनी आणलंय," अक्का येईल त्याला सांगत. "नुसतं हाकलतंय. मारत न्हाई, कुणाचं वाईट करत न्हाई."

गल्लीत आणखी सहा घरांत चौके लागलेले. शेजारच्या रत्नाबाई चौगुले पहिल्यांदा आल्या. त्यांचे यजमान भूपालअण्णा बस्तीचे विश्वस्त आणि आमच्या कॉलेजच्या मंडळावरही होते. मी कायम होणार की नाही ते पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीत ठरायचं होतं, आणि मंडळात त्यांचा शब्द चाले.

"सर, आम्हालाबी एक आणा की," रत्नाबाई म्हणाल्या.

तेव्हा तरी थांबायला हवं होतं मी. पण अक्का कौतुकानं माझ्या तोंडाकडं बघत होत्या, रत्नाबाई बघत होत्या, आणि दारात चपला काढत असलेले भूपालअण्णासुद्धा म्हणाले, "आणा हो सर. पुण्याचं काम आहे." गोकुळाष्टमीच्या सुट्टीत घरी गेलो आणि सहा डबे भरून आणले. अक्कांनी स्वतःच्या हातानं ते सहा घरी पोचवले, पाणी कसं घालायचं ते शिकवून आल्या.

सहा घरांत चिमटा घेऊन जाणं मला शक्य नव्हतं. उघडकीला यायला आठ दिवस सुद्धा लागले नाहीत.

भाद्रपद लागला होता. दुपारी दोनचा सुमार. अक्कांच्या सोप्यात पाच-सहा बायका बसून गहू निवडत होत्या, मी माझ्या खोलीत पेपर तपासत होतो. रत्नाबाईंचा आवाज आला, "अक्का, चष्मा घाला आणि हे बघा." मी दारात आलो.

रत्नाबाईंनी त्यांच्या घरचा डबा आणून सोप्याच्या मधोमध ठेवला होता. एका पानावर चिलट चिकटलेलं, त्याचे पाय अजून हलत होते. पान कडेनं वळून त्याच्यावर यायला लागलं होतं. खालच्या पानांवर वाळलेली सहा-सात. अक्का बसल्या जागेवरून सरकत पुढं आल्या, पदराचं टोक ओलं केलं आणि त्यानं ते चिलट सोडवायला लागल्या. फार हळू केलं त्यांनी. चिलट सुटलं, पण एक पंख पानावरच राहिला.

रत्नाबाईंनी भूपालअण्णांना बोलावून आणलेलं होतं. ते उंबऱ्यातच उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सर, तुमचा विषय आहे हा. हे झाड किडे खातंय?"

"हो," मी म्हणालो. तिथं खोटं बोलायला जागाच नव्हती. अकरावीच्या पुस्तकात चित्रासकट होतं ते.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"होतं."

"आणि तुम्ही आमच्या चौक्यात ठेवायला दिलंत? महाराजांचा आहार जिथं होतो तिथं? सात घरांत?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर कदाचित मी खरं बोलून गेलो असतो. ते त्याच शांत आवाजात म्हणाले, "कॉलेजात आम्ही पोरं कुणाच्या हाती सोपवतो, ते बघायला नको का सर?"

बायका गहू तसेच ठेवून माझ्याकडं बघत होत्या. मुलाखत, पगार, आता कायम होणार म्हणून घरी आईला लिहिलेलं पत्र, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं, आणि मी तोंड उघडलं.

"मी अक्कांना सांगितलं होतं," मी म्हणालो.

सगळ्यांच्या माना अक्कांकडं वळल्या. अक्कांची मान माझ्याकडं वळली. रागावलेल्या नव्हत्या. मी काय बोललो ते त्यांना नीट कळेना, अशा बघत होत्या. मग त्यांना कळलं. ते कळताना मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं, आणि मान खाली घातली.

"व्हय," अक्का म्हणाल्या. "सांगितलेलं यानं. मीच म्हटलं ऱ्हाऊ दे."

"अक्का, काय बोलताय?" रत्नाबाई म्हणाल्या. "जाणून ठेवलंत? आणि आम्हालाबी दिलंत?"

"दिलं."

"का वो?"

अक्कांच्या पदराच्या टोकावर ते चिलट अजून होतं. त्या उठल्या, गुडघ्यावर हात देऊन देऊन खिडकीपर्यंत गेल्या आणि त्याला तुळशीच्या पानावर ठेवलं. बायका एकेक करून उठल्या. निवडलेले आणि न निवडलेले गहू तसेच राहिले. जाताना एकजण म्हणाली, "आहार द्यायची हौस लई वाईट बाई," आणि ते अक्कांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

संध्याकाळी मी अक्कांकडं गेलो. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. चूल पेटवलेली नव्हती.

"अक्का, तुम्ही तसं का म्हणालात?"

"मग काय म्हणायचं हुतं? तू म्हणालास सांगितलं. मी न्हाई म्हटलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. खोली सोडून परत कातळावर गेला असतास."

"पण खोटं मी..."

"ते मला ठाऊक हाय. तुला ठाऊक हाय. बास की." मग म्हणाल्या, "ते डबे तेवढे जिथनं आणलेस तिथं नेऊन लाव. झाडांचा काय गुन्हा? त्यांचं अन्नच ते."

मी होय म्हणालो. दुसऱ्या दिवशी सातही डबे कॉलेजच्या मागं उकिरड्यावर ओतले. आठ तासांचा प्रवास कोण करणार? अक्कांनी विचारलं तेव्हा कोकणात जाणाऱ्या एकाबरोबर पाठवून लावले म्हणून सांगितलं. म्हणजे एवढं होऊनही माझी सवय गेली नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळीच त्या बस्तीत महाराजांकडं गेल्या. गुडघ्यांमुळं मी त्यांना हात धरून नेलं आणि बाहेर कट्ट्यावर बसलो. आत भूपालअण्णाही होते. अक्कांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "माझ्या चौक्यात जीव मेले, महाराज. मी माझ्या हातानं पाणी घालून वाढवलं ते झाड. प्रायश्चित्त द्या." तेवढंच बोलल्या. जाणून केलं असंही म्हणाल्या नाहीत, नकळत झालं असंही म्हणाल्या नाहीत. महाराजांनी तीन उपवास दिले, एक दिवसाआड एक, आणि रोज जप. "त्यानंतर दारात उभं राहायला हरकत नाही," असं ते म्हणाले. परत येताना अक्कांची चाल हलकी झाली होती, आणि ते बघून मलाही सुटल्यासारखं वाटलं. मला वाटलं, फिटलं.

मुलाखत त्याच आठवड्यात झाली. भूपालअण्णांनी मला एकच प्रश्न विचारला, गाव मानवलं का म्हणून. मी कायम झालो. त्या कॉलेजात चौतीस वर्षं काढली आणि विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो. निरोप समारंभात माझ्या सचोटीबद्दल दोघे बोलले.

तीन उपवास झाले आणि अक्का दारात उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी महाराज गल्लीत आले, पण पुढं निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. गल्लीतल्या इतर दारांत पाच-पाच, सहा-सहा माणसं उभी असत. अक्कांच्या दारात अक्का एकट्या. रत्नाबाई एरवी त्यांच्या मदतीला यायच्या. आता येत नव्हत्या. मी मासे खाणारा, माझा तिथं उपयोग नव्हता. मी माझ्या खोलीच्या दारात उभा राहून बघत असे.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी सूर्य उगवल्यावर चूल पेटवली. गव्हाच्या पोळ्या, मुगाची डाळ, दुधी, आटवलेलं दूध, घरचं तूप. साडेनऊच्या सुमाराला महाराज आले. आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला लावलेली, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी, चार पावलांपुढची जमीन बघत चालणं. मागं भूपालअण्णा आणि दोन-तीन माणसं. गल्लीभर एकच गजर उठला. अक्कांचा आवाज त्यात बारीक, पण मला वेगळा ऐकू येत होता. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ, तिष्ठ!"

महाराज अक्कांसमोर थांबले.

त्यांनी मनात काय धरलं होतं ते कुणालाच कळलं नाही. एकटी उभी असलेली म्हातारी धरली असेल, तर गल्लीत तेवढी एकच होती. दुखऱ्या गुडघ्यांनी अक्कांनी महाराजांना तीन प्रदक्षिणा घातल्या. मग समोर येऊन हात जोडले. आत बोलावण्याआधी दात्यानं एक वाक्य म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय महाराज उंबरा ओलांडत नाहीत. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार आणि पाणी शुद्ध. गावातल्या लहान पोरांनाही पाठ असलेलं.

"मनशुद्धी," अक्का म्हणाल्या.

आणि थांबल्या.

महाराज खाली बघत उभे होते. गल्लीतला गजर बंद पडला. भूपालअण्णांनी हलकेच सांगितलं, "वचनशुद्धी, अक्का. म्हणा."

अक्कांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मी माझ्या दारात उभा होतो, तिथून त्या चार पावलांवर होत्या, आणि तेव्हा कुठं मला समजलं. जीव मेले त्याचं प्रायश्चित्त त्यांनी घेतलं होतं. माझ्यासाठी खोटं बोलल्या त्याचं घेतलं नव्हतं. घ्यायचं तर ते भूपालअण्णांसमोर सांगावं लागलं असतं, आणि मग मी उघडा पडलो असतो. आधीचे दोन दिवस त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना वाटलं असेल, म्हणून टाकू. किंवा विचारच केला नसेल. पण महाराज समोर आल्यावर तो शब्द त्यांच्या तोंडातून येईना.

"म्हणा की अक्का," भूपालअण्णा म्हणाले. "महाराज उभे आहेत."

त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी पुढं आलो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मी आलो नसतो. मला ओरडून सांगता आलं असतं, की खोटं माझं आहे, या बाईनं ते नुसतं झाकलं. चारच पावलं होती. मी चौकटीला धरून उभा राहिलो.

अक्कांनी नकारार्थी मान हलवली. हात जोडलेलेच होते. महाराजांनी खांद्यावरचा हात खाली घेतला, आशीर्वादाची खूण केली आणि बस्तीच्या वाटेला लागले. दुसऱ्या कुणाच्या दारात गेले नाहीत. त्या दिवशी त्यांना उपवास घडला, अन्नाचा आणि पाण्याचा.

"वय झालं अक्कांचं," भूपालअण्णा माझ्याजवळून जाताना म्हणाले. "विसरल्या."

"हो ना," मी म्हणालो.

त्यानंतर सहा वर्षं अक्का जगल्या. चातुर्मास आले-गेले, त्या पुन्हा दारात उभ्या राहिल्या नाहीत. मीही त्या सहा वर्षांत कुणाला काही सांगितलं नाही, आणि नंतरही नाही.

महाराज दारातून परत गेले त्या दिवशी दुपारी मी खोलीचं दार लावून बसलो होतो. बाराच्या सुमाराला अक्कांनी कडी वाजवली.

"दिनकर, जेवायला ये."

"नको अक्का. भूक नाही."

"नको कसं? सगळं केलेलं पडलंय. वाया घालवू व्हय?"

मी त्यांच्या मागून गेलो. एरवी माझं ताट सोप्यात असायचं. त्या दिवशी त्या सरळ चौक्यात शिरल्या, आणि मी उंबऱ्याशी थबकलो तेव्हा म्हणाल्या, "ये आत. आता कशाचं सोवळं?" महाराजांसाठी मांडलेल्या पाटाच्या बाजूला त्यांनी मला बसवलं. चौका धुऊन स्वच्छ केलेला, एकही चिलट नव्हतं. ताट वाढलं. पोळ्या, डाळ, दुधी, वाटीत आटवलेलं दूध. स्वतःसाठी काही घेतलं नाही.

"तुम्ही, अक्का?"

"माझा आज उपास."

मी पहिला घास घेतला. अजून गरम होतं सगळं. त्या समोर बसून, माझी पोळी संपायच्या आत दुसरी पुढं करत होत्या, तूप घालत होत्या. काहीतरी बोलावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा घास घातला. जेवण फार चांगलं झालं होतं, आणि सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

"दूध देऊ अजून?" अक्कांनी विचारलं.

मी वाटी पुढं केली.